बाळाचा डोळा लागला की घरातल्या दोन दांडगोबांची बस सुटते: काय तपासायचं, काय बदलायचं

दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. चिऊचा नुकताच डोळा लागलेला. मी श्वास रोखून तिला पाळण्यात ठेवते, मानेखालचा हात हळूच काढून घेते आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीत प्लॅस्टिकचं स्टूल फरशीवरून ओढल्याचा आवाज येतो. दादूची बस निघाली. मागोमाग गुंड्या, हातात स्टीलची ताटली आणि उलथनं, कारण तो कंडक्टर. चिऊचे दोन्ही हात एकदम वर उडतात, बोटं फाकतात, तोंड वाकडं होतं. झालं! चाळीस मिनिटं मांडीवर हलवून मिळवलेली झोप चार मिनिटांत संपली.

दादू माझा थोरला, साडेतीन वर्षांचा. गुंड्या जावेचा, अडीचचा. जाऊबाई वरच्या मजल्यावर राहतात आणि सकाळी आठच्या लोकलला निघताना त्याला आमच्याकडे सोडून जातात. घर डोंबिवलीतलं, वन बीएचके. त्यात मी, नवरा, सासूबाई, ही दोन मुलं आणि पाळणा. चिऊ आता साडेतीन महिन्यांची आहे. हा त्रास तिच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला, मग मिटला, मग पुन्हा आला, पुन्हा मिटला. दर वेळी कारण वेगळं निघालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिले दहा-बारा दिवस मी जे केलं ते सगळं चुकीचं होतं. दारं लावली, पडदे ओढले, मुलांना दटावलं, टीव्ही बंद केला आणि घरात स्मशानशांतता करण्याचा प्रयत्न केला. त्याने दोन गोष्टी झाल्या. मुलं आणखी चेकाळली. आणि घर इतकं शांत झालं, की चमचा पडला तरी तो बॉम्बसारखा वाजायला लागला.

आधी कोण उठवतं ते शोधा

शेवटी नवऱ्याने सुचवलं की आधी लिहून तर काढू. तो मशीन दुरुस्तीच्या लाइनीतला आहे, त्याला प्रत्येक बिघाडाची नोंद लागते. मी कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या मागे चार दिवस तीन रकाने भरले: कधी झोपली, कधी उठली, उठायच्या आधीच्या मिनिटात काय झालं. तुम्हीही हे करा, बाकी काही करायच्या आधी करा. मला खात्री होती की सगळा दोष मुलांचाच निघणार.

चार दिवसांत चिऊ दिवसा ३१ वेळा दचकून किंवा रडून उठली. मुलांमुळे ९. दाराच्या बेलमुळे ६. कुकरच्या शिट्टीमुळे ५. माझ्या किंवा सासूबाईंच्या ‘श्शूऽऽ, गप्प बसा रे!’ मुळे ४. आणि उरलेल्या ७ वेळा घरात काहीच आवाज नव्हता.

त्या चारच्या आकड्याची मला लाज वाटली. मुलं दंगा करत होती तोवर ती झोपून होती, आणि मी त्यांच्यावर ओरडले तेव्हा उठली.

तान्ह्या बाळाची झोप आपल्यासारखी नसते

हे मला बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावलं, आणि मग पुढचे सगळे उपाय आपोआप सुचत गेले. मोठं माणूस झोपलं की आधी गाढ झोपेकडे जातं. तान्हं बाळ उलटं करतं. ते आधी हलक्या, चळवळ्या झोपेत शिरतं. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, मध्येच कण्हल्यासारखा आवाज येतो, हात-पाय झटकले जातात, मध्येच हसूही येतं. आपल्याकडे म्हणतात ना, सटवाई हसवतेय? तीच ही झोप. नवजात बाळाच्या एकूण झोपेतली जवळपास निम्मी झोप असली असते. साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी ते शांत, गाढ झोपेत उतरतं. मग साधारण पाऊण ते एक तासाने चक्र पूर्ण होतं आणि पुन्हा हलकी झोप येते.

बाळ एकदम आवाज झाल्यावर हात उडवून दचकतं ती जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. चार ते सहा महिन्यांत ती ओसरते. हलक्या झोपेत दचकलं तर बाळ उठून बसल्यासारखं जागं होतं, गाढ झोपेत दचकलं तर पुष्कळदा तसंच झोपून राहतं. शिवाय तोच तो आवाज पुन्हा पुन्हा आला तर तान्ही बाळंसुद्धा त्याला सरावतात. एकसारख्या चाललेल्या गोंगाटात ती झोपतात. उठवते ती आवाजाने अचानक मारलेली उडी.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघाल्या. एक म्हणजे, पूर्ण झोपभर घर शांत ठेवायची गरज नाही. पहिली वीस मिनिटं सांभाळायची. दोन, त्या वीस मिनिटांत आवाज असला तरी चालेल, पण तो सपाट हवा.

बाळ गाढ झोपेत उतरलं का, हे ओळखायची आमची खूण: हात अलगद उचलून सोडायचा. भिजवलेल्या कापडासारखा लुळा खाली आला, मूठ उघडी असली आणि श्वास एका लयीत चालला असला, की मग बस सोडायला हरकत नाही.

उरलेल्या सात ‘कारण नसलेल्या’ वेळांचं उत्तरही इथेच होतं. त्यातल्या चार-पाच वेळा ती उठलीच नव्हती. हलक्या झोपेत कण्हली, वळवळली आणि मी धावत जाऊन उचललं. म्हणजे उठवलं मीच. आता मी दाराशी उभी राहून मनात शंभरपर्यंत आकडे मोजते. निम्म्या वेळा साठच्या आतच ती पुन्हा गप्प होते. खरं रडणं असेल तर ते चढत जातं, ओळखू येतं.

यंत्रांचा बंदोबस्त मुलांच्या आधी

कारण यंत्रांची समजूत घालावी लागत नाही.

बेलचा डबा आमच्या पाळण्याच्या बरोबर वर, हात पोचेल एवढ्या उंचीवर होता. चार वर्षं या घरात राहून मला ते कधी दिसलं नव्हतं. आधी दारावर कागद लावला: ‘बाळ झोपलं आहे, बेल वाजवू नये.’ कुरियरवाल्याने बेल वाजवून विचारलं, ‘मॅडम, बाळ झोपलंय का?’ मग नवऱ्याने बेलची वायरच काढली आणि पाळणा आतल्या भिंतीला, स्वयंपाकघर आणि मुख्य दार या दोन्हींपासून लांब नेला. सेफ्टी डोअरच्या कडीला जुन्या मोज्याचा तुकडा गुंडाळला. स्टूलच्या चारही पायांना फेल्टच्या गोल चकत्या चिकटवल्या, वीस-पंचवीस रुपयांत झालं. बस अजून धावते, पण आता ती इलेक्ट्रिक आहे.

कुकरचं प्रकरण नाजूक होतं, कारण तो सासूबाईंचा प्रांत. तीन शिट्ट्या झाल्याशिवाय डाळ शिजत नाही ही त्यांची ठाम समजूत. खरं म्हणजे शिट्टी ही जास्तीची वाफ बाहेर टाकल्याची खूण असते, शिजतं ते आतल्या दाबामुळे. शिट्टी फुसफुसायला, डुलायला लागली की गॅस अगदी बारीक करायचा. दाब टिकतो आणि शिट्टी होत नाही. तुरीची डाळ अर्धा तास भिजवलेली असली तर बारीक गॅसवर बारा-पंधरा मिनिटांत मऊ होते. सासूबाई म्हणाल्या, ‘न वाजलेल्या शिट्ट्या मोजायच्या कशा?’ म्हणून त्यांच्या फोनवर पंधरा मिनिटांचा व्हायब्रेट होणारा गजर लावून दिला. पहिल्या दिवशी वरण जरा दाणेदार झालं, पण दुसऱ्या दिवसापासून जमलं. मिक्सर मात्र सकाळी सातलाच फिरवून ठेवतो, चटणी आणि वाटण दोन्ही.

पंखा, आणि फोनवरचा तो पावसाचा आवाज

सपाट आवाजासाठी आपल्याकडचं सर्वांत स्वस्त साधन छताला टांगलेलं असतं. आमचा जुना पंखा तीनवर घरघरतो. त्या घरघरीत बाहेरच्या बारीकसारीक आवाजांच्या कडा बोथट होतात. बाळाच्या अंगावर थेट झोत येत नाही एवढं बघायचं.

पोटात असताना बाळ आईच्या रक्तप्रवाहाचा, ठोक्यांचा, आतड्यांचा आवाज महिनोन् महिने ऐकत असतं, त्यामुळे त्याला शांततेची सवय नसतेच. १९९० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात नवजात बाळांना एकसारखा खरखरता आवाज ऐकवला, तर २० पैकी १६ बाळं पाच मिनिटांत झोपली. ज्यांना ऐकवला नाही त्या २० पैकी ५च झोपली. म्हणजे युक्ती चालते. पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या १४ यंत्रांची तपासणी छापून आली. पूर्ण आवाजावर ठेवल्यावर ३० सेंटीमीटर अंतरावर प्रत्येक यंत्राने रुग्णालयातल्या नवजात कक्षासाठी सुचवलेली ५० डेसिबलची मर्यादा ओलांडली. त्यामुळे उशाशी फोन ठेवून पाऊस लावणं नको. लावायचाच असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दोन मीटर तरी लांब, आणि इतका हळू की त्यावरून आपल्याला साध्या आवाजात बोलता यावं. झोप गाढ झाली की बंद करायचा. आम्ही फोन आठवडाभर वापरला, मग पंख्यावरच भागलं.

टीव्हीला मात्र सपाट आवाज समजू नका. मुलं गप्प बसावीत म्हणून मी कार्टून लावून बघितलं. कार्टून दर दहा सेकंदांनी किंचाळतं, आदळतं, हसतं. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर पडदा नको. आमचा तो तास एका झोपेतच संपायचा, आणि बंद केल्यावरचं रडं वेगळंच.

मुलं

आता खरा मुद्दा. अडीच वर्षांच्या मुलाला ‘आवाज करू नकोस’ सांगणं म्हणजे पाण्याला वर चढ म्हणणं. स्वतःला थोपवायचा ब्रेक त्या वयात तयारच झालेला नसतो. तो तुमचं ऐकत नाही असं वाटतं, पण त्याला ते जमतच नाही. साडेतीनच्या दादूला दोन-तीन मिनिटं जमतं, मग विसरतो. म्हणून त्यांच्याकडून तासभराची शांतता मागायचीच नाही. वीस मिनिटं मागायची, आणि त्या वीस मिनिटांत त्यांच्या हाताला, तोंडाला काहीतरी द्यायचं.

सासूबाईंनी यावर जे शोधून काढलं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. त्या गोष्ट सांगायला लागतात, पण कुजबुजत. ‘आणि मग कोल्हा...’ एवढंच मोठ्याने, पुढचं इतकं हळू की दोघांना अगदी जवळ सरकावं लागतं. लहान मुलं समोरच्याच्या आवाजाची पट्टी उचलतात. आपण ओरडून गप्प करायला गेलो तर तीही ओरडतात. आजी कुजबुजली की दोघंही कुजबुजतात. दहा मिनिटं निघतात त्यात. उरलेली दहा मिनिटं चुरमुऱ्यांची वाटी, किंवा परातीत वाटाणे सोलणं. (सोललेल्यातले निम्मे पोटात जातात. जाऊ देत, फक्त कच्चा दाणा घशात अडकू नये म्हणून कोणीतरी शेजारी बसलेलं हवं. गुंड्याला आम्ही नुसत्या शेंगा निवडायला देतो.)

दुसरी युक्ती आंघोळ. चिऊ साधारण साडेदहाला झोपते, त्याच वेळी दोघांना एकदम बाथरूममध्ये. दार लोटलेलं, नळ चालू, बादली भरते आहे, आत काय दंगा घालायचा तो घाला. बाहेर फक्त पाण्याचा एकसुरी आवाज येतो. अर्थात मोठं माणूस आत हवंच, बादलीभर पाणीही या वयाला धोक्याचं असतं.

आणि दंग्याला दिवसातून त्याची स्वतःची वेळ द्या. आमच्याकडे सकाळी नऊ ते दहा नवरा किंवा सासूबाई दोघांना खाली बिल्डिंगच्या आवारात नेतात. तिथे वाटेल तेवढं ओरडायचं. पावसात गच्चीच्या जिन्यात. ज्या दिवशी हा तास चुकतो त्या दिवशी बारा वाजता ताटली वाजणारच, हे आता आम्ही धरून चालतो. स्टीलच्या ताटल्या, डाव, उलथनी खालच्या कपाटातून काढून वर ठेवली आणि त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे डबे, लाकडी पोळपाट. कंडक्टरला तिकिटांसाठी जुनं चेकबुक दिलं. तिकीट फाडायला आवाज होत नाही.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला महिना गेला. दादूचा सर्वांत मोठा आवाज व्हायचा तो मी चिऊला पाजायला बसले की. ती पिता पिता पेंगायला लागते, आणि हा बरोबर तेव्हाच पलंगावरून उडी मारतो. एकदा मी विचारलं, ‘आत्ताच का रे?’ तर म्हणाला, ‘तू आत्ता उठून येत नाहीस ना.’ तेव्हा कळलं. त्याला चिऊला उठवायचं नव्हतं, मला उठवायचं होतं. त्यानंतर मी पलंगाशेजारी एक टोपली ठेवली, फक्त पाजायच्या वेळी उघडायची: दोन चित्रांची पुस्तकं, मोठ्या मण्यांची ओवायची दोरी, आणि राजगिऱ्याचा लाडू. एका हाताने चिऊ, दुसऱ्या हाताखाली दादू. आणि रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं चिऊला आजीकडे देऊन मी फक्त त्याच्या बसमधली प्रवासी होते. तिकीट काढते. ठाण्याला उतरते. एवढ्याने उड्या पूर्ण बंद झाल्या नाहीत, पण मोजून सांगते, निम्म्यावर आल्या.

‘तू आता मोठा झालास, शहाण्यासारखं वाग’ हे वाक्य घरात बंद केलं. पाहुण्यांनाही सांगितलं.

वेळ चुकली तर शांतताही उपयोगाची नाही

३१ पैकी काही वेळा मुलांच्या नावावर लिहिल्या होत्या, पण त्या खरं तर दमलेल्या बाळाच्या होत्या. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात बाळ एका वेळी पाऊण ते एक तासच जागं राहू शकतं, त्यात पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं सगळं आलं. तीन महिन्यांच्या आसपास ते दीड तासापर्यंत जातं. ही वेळ टळून गेली की बाळ जास्त गाढ झोपेल असं आपल्याला वाटतं, होतं उलटं. ते ताणतं, रडतं, हलकं झोपतं आणि टाचणी पडली तरी उठतं. नजर एका जागी खिळली, भुवया लाल झाल्या, हालचाल मंदावली की उचलायचं. रडायला लागलं म्हणजे उशीर झालेला असतो.

ठेवताना आधी पाय, मग बूड, मग पाठ आणि सर्वांत शेवटी डोकं टेकवायचं, आणि छातीवर हात मिनिटभर तसाच ठेवायचा. डोकं आधी टेकवलं की पडल्यासारखं वाटून हात उडतात. दचकणं फार असेल तर मऊ सुती दुपट्यात छातीपाशी गुंडाळायचं. कमरेखाली मात्र सैल, पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करायला लागलं की गुंडाळणं बंद. आमच्याकडे उकाड्यात एकच पदर आणि झोपताना टोपरं काढलेलं. मानेमागे घाम लागला तर समजायचं की कपडे जास्त झालेत.

दुपारची एक झोप तिघांची एकत्र जमवायला बघा. दादू-गुंड्या एक ते तीन झोपतात. मी चिऊची साडेदहाची झोप मुद्दाम साडेअकरापर्यंत उरकून घेते, म्हणजे पुढची बरोबर एकच्या सुमाराला येते. आठवड्यातून तीन-चार वेळा जमतं. त्या वेळात मी कपड्यांच्या घड्या घालत नाही, मीही झोपते.

हे मात्र करू नका

मुलांना आणि झोपलेल्या बाळाला एका खोलीत एकटं सोडू नका, दोन मिनिटंही नाही. मी हे शहाणपण उगाच शिकवत नाही. एकदा दूध उतू जातंय म्हणून आत गेले आणि परत आले तर गुंड्या पाळण्यावर ओणवा होऊन ग्लुकोजचं बिस्किट चिऊच्या तोंडात भरवत होता. अगदी मायेने, ‘खा, खा’ करत. दुसऱ्यांदा दादूने तिला थंडी वाजेल म्हणून उशी आणि पांघरूण तिच्या तोंडापर्यंत ओढलं होतं. दोघांचाही हेतू चांगलाच होता.

बाळाला उताणंच झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर. पाळण्यात उशी, राईची उशी, खेळणी, जाड गोधडी नको. साडीच्या झोळीवरून आमच्याकडे बरीच चर्चा झाली, ‘आमची चारही झोळीत वाढली’ इथपर्यंत. पण झोळीत अंग वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबू शकते. वर झोका द्यायला दोन उत्साही हात तयारच. आम्ही बांधली नाही. झोप यावी म्हणून घुटी, मध, जायफळ उगाळून चाटवणं, घरी सुचवलेलं कुठलंही चाटण नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. धुरीसुद्धा नको, लहान फुप्फुसांना धूर तो धूरच.

मिटलेला त्रास परत आला तर

आमच्याकडे दुसऱ्या महिन्यात सगळं सुरळीत झालं. चिऊ भर गोंगाटात बाहेरच्या खोलीतही झोपायला लागली. मग दहाव्या आठवड्यात अचानक सगळं बिघडलं, जुने उपाय चालेनात. मला वाटलं, मुलं पुन्हा जास्त ओरडायला लागली. पान काढून पुन्हा तीन दिवस लिहिलं. मुलं तेवढीच ओरडत होती. बदलली होती चिऊ. दोन-तीन महिन्यांच्या सुमाराला बाळाचं दिवस-रात्रीचं घड्याळ लागायला सुरुवात होते, नजर लांबवर पोचते, आणि दादूचा आवाज हा नुसता आवाज न राहता ‘दादूचा’ आवाज होतो. ती दचकत नव्हती, वळून बघत होती. मग आम्ही दिवसाची झोप आतल्या खोलीत, पडदा ओढून सुरू केली, आणि जागेपणी तिला भरपूर उजेडात, मुलांच्या मधोमध ठेवलं. रात्री उलट: मंद दिवा, बोलणं नाही, फक्त पाजणं. पहिल्या महिन्यात मी हे उलटं केलं होतं, दिवसा अंधार आणि रात्री ट्यूबलाइट, म्हणून तिची रात्र सकाळी सातला सुरू व्हायची.

चार महिन्यांच्या आसपास झोपेचा साचाच बदलतो, पुन्हा एकदा दर पाऊण तासाने उठणं येतं, असं डॉक्टरांनी आधीच बजावलंय. आमचं ते पंधरा दिवसांवर आलंय.

आणि तिन्हीसांजेचं रडणं. ते आवाजाच्या खात्यात लिहू नका. दुसऱ्या आठवड्यापासून वाढत वाढत सहाव्या आठवड्याच्या सुमाराला ते सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. त्या वेळी मुलं गप्प असली तरी बाळ रडतं. आम्ही त्या तासाला झोपवायचा प्रयत्नच सोडला. छातीशी धरून गॅलरीत येरझारा. सासूबाईंनी दृष्ट काढली, मी काढू दिली. मीठ-मोहरी बाळापासून लांब, स्वयंपाकघरात टाकायची एवढी एकच अट.

डॉक्टरांकडे कधी

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप, पिण्यासाठीही न उठणं, दूध ओढायची ताकद नसणं, पहिल्या आठवड्यानंतर दिवसात सहापेक्षा कमी वेळा शू, वाढत चाललेली कावीळ, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, काहीही केलं तरी न थांबणारं किंचाळणं: यातलं काहीही असलं तर झोपेचे उपाय बाजूला ठेवून लगेच निघायचं. जन्माचं वजन परत मिळेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले दोन आठवडे, दोन-तीन तासांनी बाळाला स्वतःहून उठवून पाजावं लागतं. तेव्हा ‘झोपलंय तर झोपू दे’ चालत नाही.

उलट तक्रारही ऐकली आहे. माझ्या एका मैत्रिणीकडे सगळे कौतुक करायचे की घरात ढोल वाजला तरी बाळ हलत नाही. गोंगाटात झोपणं यात वावगं काही नाही. पण बाळ जागं असतानाही टाळीला, हाकेला, भांडं पडल्याला पापणीसुद्धा हलवत नसेल तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं बोंड ठेवून काही मिनिटांत होते, दुखत नाही, आणि खरं तर पहिल्या महिन्यातच व्हायला हवी. प्रसूतीनंतरच्या कागदांत तिची नोंद आहे का ते आजच बघा.

आमची आजची स्थिती: दिवसा चार झोपा, त्यातल्या दोन तासाभराच्या, एक वीस मिनिटांची आणि एक बिनभरवशाची. बस रोज सुटते. काल गुंड्या पाळण्याजवळ आला, चिऊ झोपलीये बघून ओठांवर बोट ठेवलं, ‘श्शूऽऽ’ केलं, आणि मग घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘काकू, मी आवाज नाही केला!’ ती उठली नाही. तिचा हात उचलून बघितला, लुळा होता. तीन वाजता रस्त्यावरून जाणाऱ्या भंगारवाल्याचं तेवढं काही करता आलेलं नाही.